सुटणार १५:५५, पोचणार १६:००

तिकिटाचा फोटो अण्णांना पाठवला आणि दोन मिनिटांत फोन आला.

"अगं, हे तिकीट आधी बदलून घे. छापताना घोळ झालाय. हेलसिंकीहून सुटणार १५:५५ आणि स्टॉकहोमला पोचणार १६:००. पाच मिनिटांत आमची गाडी स्टँडवरून बहादूरशेख नाक्यालासुद्धा जात नाही."

अण्णा एकतीस वर्षं एसटीत होते, त्यातली शेवटची चौदा चिपळूण आगारात वाहतूक नियंत्रक. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण कोणी कुठे निघालं की ते अजून आधी 'रनिंग टाइम' विचारतात, मग 'जेवलीस का'. श्रावणात कुंभार्ली घाटात पुण्याची गाडी किती मिनिटं मागे पडते ते त्यांना तोंडपाठ. अशा माणसाला पाच मिनिटांचं विमान पटणं शक्यच नव्हतं.

मी स्टॉकहोमजवळ सोलेनटुनाला राहते. त्या जानेवारीपासून आमच्या प्रोजेक्टची निम्मी माणसं हेलसिंकीत बसायला लागली आणि दर दोन-तीन आठवड्यांनी मला तिकडे जाणं आलं. अण्णांना सांगितलं, फिनलंडचं घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे आहे. म्हणजे परत येताना तो तास हातात पडतो.

"ते कळलं. मग रनिंग टाइम किती?"

"तिकिटावर एक तास पाच मिनिटं."

"आणि किलोमीटर?"

ते मला माहीत नव्हतं. बघून सांगते म्हटलं.

बघायला बसले तर तीन ठिकाणी तीन आकडे. एकीकडे ३९६, दुसरीकडे ३९९ आणि तिसरीकडे सतराशेच्या वर. पहिला शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा, दुसरा विमानतळापासून विमानतळापर्यंतचा. तिसऱ्याने मला बोटीत न बसवता गाडीने नेलं होतं, म्हणजे बोथनियाच्या आखाताला वळसा घालून, थेट उत्तर टोकाला जाऊन पुन्हा खाली. समुद्र मध्ये असला की रस्त्याच्या आकड्याला अर्थ राहत नाही. पण ३९६ की ३९९, हे अण्णा विचारणार, आणि 'संगणकाने सांगितलं' हे उत्तर त्यांच्याकडे चालत नाही. मग कागद घेतला.

आरलांडा विमानतळ ५९.६५ उत्तर, १७.९२ पूर्व. हेलसिंकीचा वान्ता विमानतळ ६०.३२ उत्तर, २४.९६ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक ०.६७ अंश. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा ७४. पूर्व-पश्चिम फरक ७.०४ अंश, आणि इथे खरी मजा आहे. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असतो, मग दोन्ही ध्रुवांकडे चिंचोळा होत जातो. नेमका किती, ते अक्षांशाच्या कोसाइनने कळतं. आणि ६० अंशांचा कोसाइन अर्धा. दहावीला पाठ केलेलं ते कोष्टक इतक्या वर्षांनी असं कामाला आलं! स्टॉकहोम आणि हेलसिंकी दोन्ही साठाव्या अक्षांशाला चिकटून बसलेली गावं, म्हणून इथला अंश साडेपंचावन्न किलोमीटरच्या जरा वर. सातपट करून ३९२. मग पायथागोरस. वर्गांची बेरीज, वर्गमूळ, ३९९ वर एक खूण.

अण्णांना हे फोनवर समजावताना आईचे मोदक मदतीला आले. मोदकाच्या कळ्या तळाशी रुंद असतात आणि वर टोकाला सगळ्या एकत्र येतात. आपण कोकणात तळाशी बसलोय, मी टोकाच्या जवळ. कळ्या तितक्याच, पण एकीवरून दुसरीवर जायला इथे कमी चालावं लागतं.

"३९९," अण्णांनी लिहून घेतलं. "म्हणजे विमानाने मुंबई-गोवा." बरोबरच होतं. मुंबई ते दाभोळी हवाई अंतर सव्वाचारशेच्या आसपास, आमचं त्याहून थोडं कमी. "पण मग अर्ध्या तासात व्हायला पाहिजे. विमान आठशेने जातं म्हणतात."

भागाकार त्यांनी पेनानेच केला असणार. ३९९ भागिले ८३०, एकोणतीस मिनिटं. तिकिटावर पासष्ट. उरलेली छत्तीस गेली कुठे? मी उत्तर शोधून द्यायच्या आत त्यांनीच दिलं. "स्टँडातून बाहेर काढायचा वेळ धरलाय. आम्हीही धरायचो." अगदी तेच. तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पलीकडे ते पुन्हा लावेपर्यंतची ती वेळ. आरलांडाला तीन धावपट्ट्या आहेत. वारा कुठला, त्यावर कुठली मिळणार ते ठरतं, आणि कधीकधी तिथवर जाण्यातच दहा-बारा मिनिटं जातात. शिवाय विमान सुटल्या सुटल्या आठशेने जात नाही. चढताना हळू, उतरताना त्याहून हळू, आणि उतरायची वाट सरळ नसते, रांगेत लागावं लागतं.

"मग असं कर," अण्णा म्हणाले, "लॉगशीट ठेव. घराच्या कडीपासून. प्रत्येक थांब्याची वेळ टाक."

ठेवली. जानेवारीचा चौथा आठवडा, बाहेर उणे सात आणि बारीक बर्फ. सगळ्या वेळा आधी स्वीडनच्या घड्याळाने.

५:३५ घराला कुलूप. ५:५० लोकल. ही लोकल मला आरलांडाच्या अलीकडच्या मॅर्स्टा स्टेशनवर सोडते, तिथून बस. एक लोकल थेट विमानतळाखालीही जाते, पण त्या स्टेशनातून बाहेर पडायचे वेगळे पैसे मोजावे लागतात. मॅर्स्टाहून ५८३ नंबरच्या बसने गेलं की महिन्याचा पास चालतो. इथल्या प्रत्येक भारतीयाला नवा आल्यावर पहिल्या आठवड्यात कोणीतरी ही युक्ती कानात सांगतंच. ती वापरताना उणे सातात बसची वाट बघत उभं राहिल्यावर प्रत्येकाला वाटतं की जरा जास्तच कोकणस्थपणा केला. मध्यवर्ती स्टेशनवरून वीसेक मिनिटांत पोचवणारी वेगळी आगगाडीही आहे, पण तिचं तिकीट बघून मी खिडकीतून हात हलवते.

६:४० टर्मिनल पाच. ६:५८ तपासणी संपली. दोन्ही देश शेंगेनमध्ये, त्यामुळे शिक्के नाहीत, रांग नाही. तरी आपल्याला पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ लागतं. शेजारच्या स्वीडिश सहकाऱ्याकडे फोन आणि सफरचंद एवढंच होतं. त्यानेच गेटवर बसल्या बसल्या सांगितलं की हेलसिंकीचा विमानतळ-कोड HEL उच्चारला तर इंग्रजीत 'नरक' ऐकू येतो, आणि कोपनहेगनहून तिथे जाणाऱ्या एका विमानाचा नंबर बरीच वर्षं ६६६ होता. १३ ऑक्टोबर २०१७ ला, शुक्रवारी, ते त्या नंबराने शेवटचं उडालं. आमच्या विमानाचा नंबर मी मुद्दाम बघून घेतला. साधा होता.

८:१० ची वेळ. ८:१४ ला विमान गेटवरून मागे हटलं. चार मिनिटं उशीर, अण्णांच्या भाषेत 'राइट टाइम'च. पण धावपट्टीकडे जायच्या ऐवजी आम्ही एका बाजूला जाऊन उभे राहिलो. पुढे तीन विमानं. पंखांवर बर्फ असताना उडायचं नाही, हा नियम कोणी मोडत नाही. पंखाचा आकार केसभर बदलला तरी उचल कमी होते. आमची पाळी आली तेव्हा खिडकीबाहेर एक उंच गाडी आली, तिच्या दांड्याला टांगलेल्या काचेच्या खोलीत एक माणूस. त्याने आधी नारिंगी रंगाचं गरम पाणी मारलं. वाफेचा लोट उठला आणि खिडकी दिसेनाशी झाली. मग हिरवं, दाट, काकवीसारखं हळू ओघळणारं. नारिंगी असलेलं बर्फ धुऊन काढतं, हिरवं नवीन बसू देत नाही. आत गोडसर वास आला, लहानपणीच्या खोकल्याच्या औषधासारखा. हिरव्या थराला मुदत असते. बर्फ किती पडतंय आणि थंडी किती, त्यावरून कप्तानाकडे मिनिटांचा तक्ता असतो. तेवढ्यात उडालं नाही तर पुन्हा रांगेत. उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवर ते हिरवं पंखावरून मागे सरकत, पातळ होत, उडून गेलेलं मला दिसलं. मी खिडकीला नाक लावून बघत होते. माझ्याखेरीज विमानात कोणीच बघत नव्हतं.

चाकांनी जमीन सोडली ८:४७. कॉफी आली, झाकण काढेपर्यंत ओलंड बेटांचा पांढरा भुगा खाली दिसायला लागला. कॉफी संपेपर्यंत उतरायची घोषणा. ९:३१ ला चाकं टेकली. हवेत चव्वेचाळीस मिनिटं.

गेटला ९:३८, म्हणजे तिथले १०:३८. इथून पुढे फिनलंडचं घड्याळ. लांबच लांब कॉरिडॉर, मग जमिनीत खोल खोल जाणारे सरकते जिने. विमानतळाखालून जाणारी ही रेल्वे २०१५ साली सुरू झाली. रूळ कड्यासारखे गोल आहेत. एक गाडी या बाजूने जाते, दुसरी त्या बाजूने, दोन्ही साधारण अर्ध्या तासात मध्यवर्ती स्टेशनला. नवखा माणूस कुठली पकडू म्हणून उभा राहतो आणि दोन्ही सोडतो. मी एक सोडली. ११:०७ ची मिळाली, ११:३८ ला हेलसिंकी स्टेशन. दाराशी दगडाचे चार धिप्पाड पुरुष हातात दिव्याचे गोळे घेऊन उभे आहेत. शंभराहून जास्त वर्षं उभे आहेत, तोंडावर सकाळच्या लोकलला उशीर झाल्याचे भाव. ११:५५ ऑफिसचं दार.

रात्री हिशेब अण्णांना वाचून दाखवला. ५:३५ ते, स्वीडनच्या घड्याळाने, १०:५५. पाच तास वीस मिनिटं. त्यात हवेत चव्वेचाळीस मिनिटं, सातवा हिस्सासुद्धा नाही. पलीकडे पेनाचा आवाज.

"ताशी पंच्याहत्तर किलोमीटर पडतात."

"हो."

"मग त्याला विमान कशाला म्हणायचं?" थोडं थांबून, "पण आपलं चिपळूण-पुणे यापेक्षा जास्त वेळ खातं, आणि किलोमीटर कितीतरी कमी. तेव्हा बोलायला जागा नाही."

दुसऱ्या दिवशी परत. तेच ते 'चुकीचं' तिकीट. खिडकीची जागा मिळाली, डाव्या बाजूची. मी मागितली नव्हती. १५:५७ ला गेट सोडलं. आकाश मोकळं, सूर्य नैऋत्येला झाडांवर टेकलेला. १६:०६ ला उडालो तेव्हा तो अर्धा बुडाला होता. आणि मग वर आला. खरंच वर आला. विमान चढत होतं, क्षितिज खाली जात होतं, आणि बुडालेला सूर्य उगवतो तसा पूर्ण गोल बाहेर निघाला. पंख तांबूस झाला. आता थोड्या वेळात बुडेल म्हणून मी घड्याळ बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो हलेना. खिडकीच्या खालच्या कडेपासून बोटभर वर, जिथल्या तिथे.

हेही नंतर कागदावर सुटलं. पृथ्वी विषुववृत्ताशी ताशी १,६७० किलोमीटरने फिरते. साठ अंशांवर त्याच्या निम्म्याने, ८३५. आणि जेट विमानाचा वरचा वेग साधारण तेवढाच. म्हणजे या अक्षांशावर पश्चिमेला निघालेलं विमान, वर पोचून सरळ उडतं तोवर, जवळजवळ सूर्याच्या बरोबरीने धावतं. मुंबई-दुबईच्या विमानाला हे जमणार नाही, तिथे पृथ्वी फार जोरात पळते. इथे मोदकाच्या टोकाजवळ जमतं.

बरोबरी शेवटपर्यंत टिकत नाही. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात, म्हणजे वान्ताहून आरलांडाला पोचायला अठ्ठावीस. आम्हाला लागली पंचेचाळीस, चढण-उतरण धरून. आणि घड्याळाने दिली साठ. त्या साठाचं मला तेव्हाच खरं कळलं. दोन गावांमधला सूर्याचा फरक अर्ध्या तासाचाही नाही, घड्याळाचा मात्र पुरा तास, कारण सरहद्द मध्ये आहे. आपल्याकडे उलटं. देशभर साडेब्याऐंशी अंशांचं एकच घड्याळ, त्यामुळे चिपळूणला सूर्य घड्याळाच्या मागे सरासरी छत्तीस मिनिटं चालतो आणि कोणाला पत्ता नसतो. कालनिर्णय सोडून.

विमान खाली यायला लागलं तसा सूर्य गेला, या वेळी झटकन. १५:५१ ला चाकं टेकली, १५:५८ ला गेट. हेलसिंकीचं गेट १५:५७ ला सोडलं होतं. गेटपासून गेटपर्यंत एक मिनिट! अण्णांना मेसेज टाकला. चिपळुणात साडेआठ वाजत होते, बातम्या सोडून त्यांनी उत्तर दिलं, "नोंद केली."

त्या हिवाळ्यात सहा फेऱ्या झाल्या. सगळ्या सांगण्यात अर्थ नाही. बोटीची एक सोडली तर दाराच्या कडीपासून दारापर्यंत सर्वांत कमी चार तास दहा मिनिटं लागली, सर्वांत जास्त सहा तास पन्नास. त्या दिवशी बर्फ काढायच्या रांगेत आम्ही हिरव्या थराची मुदत संपवली आणि पुन्हा वळून आलो. हवेतला वेळ मात्र प्रत्येक वेळी बेचाळीस ते सत्तेचाळीसच्या मध्ये. जाताना वारा पाठीवर असतो, येताना तोंडावर, पण चारशे किलोमीटरांत त्याने दोन-चार मिनिटांचाच फरक पडतो. उशीर कधीच आकाशात झाला नाही. झाला तो मॅर्स्टाच्या बसथांब्यावर, फवाऱ्याच्या रांगेत नाहीतर सरकत्या जिन्यावर.

चौथी फेरी फेब्रुवारीत होती आणि विमानाचं तिकीट इतकं महागलं होतं की मी बोटीने गेले. संध्याकाळी पावणेपाचला स्टॉकहोमच्या धक्क्यावरून निघायचं, दुसऱ्या दिवशी साडेदहाला, तिथल्या घड्याळाने, हेलसिंकी. पावणेसतरा तास. फोनवर मी घाबरतच सांगितलं, कारण पाच तास वीस मिनिटांवरही अण्णांनी नाक मुरडलं होतं.

"रात्री निघते, सकाळी पोचते? झोपायला मिळतं?"

"छोटी खोली असते. पलंग असतो."

"मग ती मुक्कामी गाडी झाली," अण्णा खुलले. "मुक्कामाचा वेळ रनिंगमध्ये धरत नाहीत."

त्या बोटीवर पहिले दोन-तीन तास बाहेरून हलू नये असे असतात. हजारो लहान-मोठ्या बेटांतून अकरा-बारा मजल्यांचं धूड वळणं घेत जातं. कुठे कुठे काठावरच्या घरात पेटलेला दिवा आणि टेबलावरची माणसं दिसतात. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. रात्री खालच्या मजल्यावरच्या खोलीत तो फुटण्याचा आवाज येत राहिला, कोणीतरी अंगणात कौलं ओढतंय तसा. मध्यरात्रीच्या सुमाराला बोट ओलंडच्या मारियेहाम्न बंदराला लागली. मी उठून बघितलं. दोर टाकले, थोडी माणसं उतरली, दोर काढले. एवढ्यासाठी अख्खी बोट का वळवली? सकाळी न्याहारीला भेटलेल्या एका आजोबांनी हातगाडीवरचे बिअरचे खोके दाखवून सांगितलं. ओलंड फिनलंडचंच, पण स्वायत्त आणि युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर. बोट तिथे टेकली की बोटीवरचं दुकान करमुक्त. त्या पाच-दहा मिनिटांच्या थांब्यावर या बोटींचा पुष्कळसा धंदा उभा आहे.

सकाळी सुओमेनलिन्नाच्या किल्ल्याच्या इतक्या जवळून बोट आत शिरते की तटावरची माणसं हात हलवतात आणि त्यांच्या टोप्यांचे रंग ओळखू येतात. १७४८ साली हा किल्ला बांधायला घेतला तो स्वीडनने, कारण तेव्हा फिनलंड स्वीडनचाच भाग होता, १८०९ पर्यंत. धक्क्यावरून ऑफिस चालत पंचवीस मिनिटं. न विमानतळ, न जिना. मी दाढी-आंघोळ झालेल्या पाहुण्यासारखी ताजीतवानी पोचले आणि सकाळी विमानाने आलेला सहकारी टेबलावर डोकं टेकून बसला होता.

मेमध्ये चिपळूणला गेले तेव्हा अण्णांच्या खोलीत गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाचं एक पान भिंतीला उलटं लावलेलं दिसलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने आखलेला तक्ता, आगारात असायचा तसाच. स्टॉकहोम ते हेलसिंकी, कि.मी. ३९९. रनिंग ०.४४. एकूण ५.२०. खाली परतीची ओळ, तिच्यात सुटणे १५.५७, पोचणे १५.५८, आणि दोन्ही आकड्यांखाली लाल रेघ. त्याखाली 'मुक्कामी (बोट)', १६.४५. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात अण्णांच्या तिरप्या अक्षरात एवढंच होतं: परतीला जागा डावीकडची घेणे.